भेकराची गोळी

"पुरेसं म्हणजे किती?"

सरंजामे सरांनी मला विचारलेला हा पहिला प्रश्न. कॉव्हेंट्रीच्या हॉस्पिटलातला माझा पहिलाच आठवडा होता. ऑपरेशन थिएटरच्या आधीच्या छोट्या खोलीत, जिथे पेशंटला भूल देतात तिथे, नव्वदीच्या एक इंग्रज बाई ट्रॉलीवर आडव्या होत्या. खुब्याचं हाड मोडलेलं. मी पुण्याहून एमडी करून, इथल्याही परीक्षा पहिल्या झटक्यात पास होऊन आलेलो, त्यामुळे अंगात वारं होतं. किलोमागे इतके मिलिग्रॅम, असं मी धडाधडा सांगून टाकलं.

सरांनी ऐकून घेतलं. "हे झालं पुस्तकाचं. आता या बाईंचं सांग."

 त्यांनी सिरिंज माझ्या हातातून काढून घेतली, बाईंच्या उशाशी वाकले आणि त्यांना घरच्या मांजराचं नाव विचारलं. बाई मांजराचं कौतुक सांगत होत्या आणि सर अगदी सावकाश औषध सोडत होते. मी सांगितलेल्या डोसच्या एक तृतीयांशातच बाईंचं वाक्य अर्धवट राहिलं. सरांनी करंगळीच्या टोकाने त्यांच्या पापणीचे केस हलकेच चाळवले. पापणी हलली नाही.

"हे या बाईंचं पुरेसं," ते म्हणाले. "उद्या रग्बी खेळणारा पोरगा येईल, त्याचं वेगळं. जास्त दिलं तर माणूस जातो, कमी दिलं तर जागा राहतो. त्यातलं दुसरं वाईट."

मरण्यापेक्षा वाईट काय असणार, असं मला तेव्हा वाटलं. पण पहिल्या आठवड्यात कन्सल्टंटशी वाद घालायची माझी टाप नव्हती.

डॉ. गोविंद सरंजामे मूळचे चंद्रपूरकडचे. वडील जंगलखात्यात होते, त्यामुळे शाळा सोडून बाकी सगळं बालपण जंगलात गेलेलं. सत्तरच्या दशकात इंग्लंडला आले आणि राहिले. ठेंगणे, रुंद खांद्यांचे, कान अंमळ मोठे. टायचं टोक शर्टाच्या दोन बटनांच्या मधून आत खोचलेलं, ते कायम. इंग्रजी बोलायला लागले की बीबीसी, आणि माझ्याशी मराठीत आले की "काय करून राहिला बे?" मी पुणेरी असल्याने ते मला मुद्दाम जास्तच वऱ्हाडी ऐकवत असावेत. नर्सेस त्यांना डॉक्टर सॅम म्हणत. सरंजामे हे नाव तीस वर्षांत एकाही इंग्रजाला नीट म्हणता आलेलं नव्हतं, आणि सरांना त्याचं काही वाटत नसे.

आमच्या कामाला मराठीत शब्द फार विचित्र आहे. भूल. आपण भूल देतो आणि आपल्याकडून भूल होते. तिथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमात कुणी ना कुणी हा विनोद करायचंच, आणि सर प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसायचे. त्याच मंडळात त्यांच्या पाठीमागे 'शिकारी डॉक्टर' म्हणत. कारण सर शनिवार-रविवारी रायफल घेऊन हरणं मारायला जात. चॅरिटीसाठी मॅरेथॉन पळणारा डॉक्टर मंडळाला चालतो, गोल्फवाला तर फारच चालतो, पण हरणं मारणारा मराठी माणूस पचवणं सगळ्यांनाच जड जात होतं. शैलाकाकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, पॉटलकला बटाट्याची भाजी नेली तरी दोन-तीन बायका हळूच विचारून घेत, "कढई वेगळी आहे ना हो?" काकू शांतपणे सांगायच्या, "कढई वेगळी आहे. नवरा तोच आहे."

मलाही ते पचलं नव्हतं. माझ्या घरी अंडंसुद्धा चोरून येत असे. पण सरांना नाही म्हणणं जमायचं नाही, आणि एक दिवस त्यांनी मला जेवायला बोलावून जेवण झाल्यावर टेबलावर लोणच्याच्या बरणीशेजारी तीन काडतुसं उभी करून ठेवली. एक बारीक, एक मधलं, एक चांगलं बोटाएवढं.

"ही भेकराची गोळी," बारक्या काडतुसावर बोट ठेवून ते म्हणाले. "इथे ती कोल्ह्यापुरतीच चालते, पण माप भेकराचं. ही चितळाची. ही सांबराची."

सरांनी इथल्या हरणांना मराठी नावं दिली होती. मंटजॅक म्हणजे भेकर. ते तर खरंच आपल्या भेकराचं भावंड, कुत्र्याएवढं बुटकं, तसंच भुंकणारं. फॅलो म्हणजे चितळ, कारण अंगावर ठिपके. रेड डिअर म्हणजे सांबर. रो डिअरला मराठीत नाव सापडेना, म्हणून त्याला ते 'पाहुणा' म्हणत. मी जन्मात हरीण पाहिलेलं ते सर्पोद्यानाच्या सहलीत, आणि माझ्या लेखी सगळी हरणंच.

"गोळीच्या आवाजाने जनावर मरत नाही," सर सांगत होते. "गोळी कुठे लागली हे पहिलं. आणि तिथून आत पोचली का, हे दुसरं. ही बारकी वेगाने जाते, पण मोठ्या जनावराच्या खांद्याच्या हाडावर आपटली की तिथेच चुरा होतो. कातडीखाली. आतलं सगळं शाबूत. जनावर पळतं, आणि मग दोन दिवस मरत राहतं."

"मग सगळ्यांना मोठीच का नको?" मी विचारलं.

"मग सगळ्यांना रग्बीवाल्याचाच डोस का नको?" ते म्हणाले. "ही मोठी भेकराच्या आरपार जाते आणि पलीकडे मैलभर जाते. पलीकडे कुणाचं तरी घर असतं. पुरेसं म्हणजे जास्तीत जास्त नव्हे रे मिलिंद. पुरेसं म्हणजे त्या जनावराला कळायच्या आत संपावं, आणि दुसऱ्या कुणाला लागू नये. एवढंच."

काकूंनी काडतुसं बाजूला सारून तिथे श्रीखंडाचं भांडं ठेवलं.

सरांच्या रायफलच्या लायसन्सच्या नूतनीकरणाला दोन ओळखीच्या माणसांची साक्ष लागे, आणि त्यातला एक त्यांनी मला केलं. मग पोलिसांकडचा एक पिकल्या केसांचा माणूस माझ्या घरी आला. बायकोने दिलेला चहा घेत त्याने विचारलं की डॉक्टर सॅम कधी चिडतात का. मी खरं ते सांगितलं. एकाच गोष्टीवर चिडतात. कुणी 'असेल' म्हटलं की.

हे खरंच होतं. 'असेल' हा शब्द सरांच्या थिएटरमध्ये बंद होता. पेशंट उपाशी आहे का? "असेल सर." ट्यूब जागेवर आहे का? "असेल." असं म्हटलं की सरांचे मोठे कान लाल व्हायचे. "बघितलंस का? बघितलं असशील तर आहे म्हण. नसशील तर नाही म्हण. असेल म्हणून माणसं मरतात." इंग्रज ज्युनियर 'शुड बी' म्हणायचे, त्यांनाही हेच. महिनाभरात आम्ही सगळे 'आहे' आणि 'नाही' एवढ्या दोनच शब्दांवर आलो. लोक म्हणायचे, सॅमची पोरं फार ठाम असतात. त्यातली किती बघून ठाम होती आणि किती भीतीने, हे कुणी तपासलं नाही.

त्या ऑगस्टमध्ये सर मला बरोबर घेऊन गेले. वॉरिकशरमधल्या एका शेतकऱ्याची जमीन. गव्हाचं आणि लावलेल्या झाडांचं हरणांनी वाटोळं केलेलं, म्हणून त्याने सरांना परवानगी दिलेली. झाडाला टेकवलेली एक उंच लाकडी शिडी, वर दोघांना बसायला फळी. तिला इथले लोक हाय सीट म्हणतात, सर अर्थातच मचाण म्हणत. त्या मचाणावर दोन तास न हलता बसायचं होतं. मी कुजबुजत एकदाच विचारलं, "सर, तुम्ही हे का करता?"

 समोर बघत त्यांनी हळू आवाजात एक गोष्ट सांगितली. इंग्लंडला आल्यावर दुसऱ्याच वर्षी त्यांनी एका बाईला सिझेरियनसाठी भूल दिली होती. त्या काळी बाळाच्या भीतीने भूल अगदी हलकी ठेवत. दुसऱ्या दिवशी वॉर्डात गेले तर बाई म्हणाली, डॉक्टर, सर्जन कॅरव्हॅन घेणार आहेत ना, निळी घेऊ नका म्हणावं. ऑपरेशन चालू असताना सर्जन नर्सशी कॅरव्हॅनबद्दल, सुट्टीत गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराबद्दल, बोलत होता. बाईने सगळं ऐकलं होतं. ऐकलं म्हणजे सगळं सोसलंही होतं. हात हलवता येत नव्हता, ओरडता येत नव्हतं, कारण स्नायू ढिले करायचं औषध पुरेसं होतं. झोपेचं नव्हतं.

"ती माझ्यावर चिडली नाही," सर म्हणाले. "हसून बोलली. इंग्रज बाई. मी रोज तिचं तोंड बघतो."



"या देशात वाघ नाही, लांडगा नाही," थोड्या वेळाने ते म्हणाले. "शेतकरी हरणं मारवणारच. कुणीतरी मारणारच. मग ज्याला भूल देता येते त्याने मारावं."

त्यानंतर झाडीतून एक चितळ बाहेर आलं. उतरत्या उन्हात अंगावरचे पांढरे ठिपके स्पष्ट दिसत होते. मी सरांकडे बघितलं. "ठिपके दिसले की चितळ," ते पुटपुटले. मी ते वाक्य मनात पक्कं करून ठेवलं, परीक्षेला पाठ करतात तसं.

आवाज झाला. जनावर उडी घेऊन पळालं आणि पडलं. सर खाली उतरले, गोळी लागली त्या जागेपासून ते पडलं तिथपर्यंत मोठ्याने मोजत चालत गेले. अठरा पावलं. मग गवताची एक काडी तोडून तिच्या टोकाने उघड्या डोळ्याला स्पर्श केला. पापणी हलली नाही. थिएटरमधली करंगळी आणि ही काडी, दोन्ही एकाच माणसाचा हात होता. मी बघत राहिलो. सर टोपी काढून मिनिटभर उभे राहिले. मग खिशातून काळी वही काढून लिहिलं: चितळ, नर, मधली गोळी, १८ पावलं.

त्या वहीत वीस वर्षांची पावलं होती. बारा, नऊ, एकवीस, जागेवर. चाळीसच्या वर एकही आकडा नव्हता, हे सर अभिमानाने सांगत. दुसऱ्या कशाचाही अभिमान त्यांच्या बोलण्यात मी ऐकला नाही.

पुढे सर रिटायर झाले. खांद्याचा स्नायू फाटला, मोठ्या रायफलचा धक्का सोसेना. त्याच सुमारास कायदा बदलला. पूर्वी इथे कुठल्याच हरणाला बारकी गोळी चालत नसे, आता भेकरापुरती चालायला लागली. सरांनी एक हलकी रायफल घेतली आणि पुष्कळ दिवसांनी खुशीत दिसले. "म्हाताऱ्याला म्हाताऱ्याचा डोस," म्हणाले.

आता मला ती जानेवारीतली सकाळ सांगायला हवी. इतकी वर्षं मी ती कुणाला सांगितलेली नाही.

मंडळाची संक्रांत होती. सर आणि काकूंना त्यांच्या गावातून घेऊन हॉलवर जायचं माझ्याकडे होतं. बायको आधीच तिळगुळाचे डबे घेऊन पुढे गेली होती. मी नवा कुर्ता, नवे बूट. साडेनऊ वाजले होते, पण धुकं असं की कुंपणं दिसत नव्हती. सरांच्या घरापासून दोन मैलांवर, अरुंद रस्त्याच्या वळणावर, काहीतरी करडं समोर आलं आणि गाडीला दणका बसला.

मी गाडी थांबवली.  डाव्या बाजूच्या चरात, ओल्या गवतातून एक मान वर आलेली दिसली. करडी-तपकिरी. कान हलत होते. तोंड उघडं होतं पण आवाज नव्हता. मी काच खाली केली नाही. सरांना फोन लावला.

"सर, एका हरणाला धडक बसली. जिवंत आहे. उठता येत नाहीये."

"लागलं का तुला?"

"नाही सर."

"बरं. जागेवर थांब. पोलिसांना कळव. कुठलं आहे?"

मी काचेतून बघितलं. ठिपके नव्हते. "भेकर असे..." म्हणता म्हणता थांबलो. तो शब्द मी पाच वर्षांत सरांसमोर उच्चारला नव्हता. "भेकरच आहे सर."

"बघितलंस ना?"

"बघितलं."

मी गाडीतून उतरलो नव्हतो. चार पावलांवर चर होता. उतरून त्याच्या काठावर उभा राहिलो असतो तर गवतात बुडालेलं सगळं अंग दिसलं असतं, आणि कुत्र्याएवढं जनावर आणि वासराएवढं जनावर यातला फरक पुणेरी माणसालाही कळतो. पण मला त्याचा डोळा बघायचा नव्हता. आणि खोटं कशाला बोलू, नवे बूट होते.

मी पोलिसांना फोन केला. त्यांनी सांगितलं की लायसन्सवाला माणूस येत असेल तर त्यालाच करू दे. वीस मिनिटांनी सर आले. सिल्कच्या झब्ब्यावर जुनं मेणकापडी जाकीट, पायात गमबूट. हातात हलकी रायफल. रस्त्याकडेला, धुक्यात, पलीकडे घरं असलेल्या ठिकाणी भेकरासाठी मोठी रायफल आणणं त्यांच्या तत्त्वात बसणारं नव्हतं. पुरेसं, जास्त नाही.

तोवर ते जनावर तीन पायांवर उभं राहून चर ओलांडून शेतात गेलं होतं. सत्तरेक पावलांवर, काटेरी झुडपांच्या रानाच्या तोंडाशी उभं होतं. मागचा एक पाय लोंबत होता. पूर्ण वाढलेली फॅलोची मादी. आता संपूर्ण दिसत होती, आणि सरांच्या कमरेइतकी उंच होती.

"हिवाळ्यात ठिपके जातात," सर म्हणाले. माझ्याशी नव्हे, स्वतःशी. "हे मी सांगितलं नव्हतं तुला."

मग त्यांनी माझ्याकडे वळून, डोक्यापासून खालपर्यंत एकदा बघितलं. मग पुन्हा शेताकडे वळले.

घरी जाऊन दुसरी रायफल आणायला वीस-पंचवीस मिनिटं. तेवढ्यात ती झुडपांत शिरली असती, आणि त्या रानात ती पुन्हा सापडली नसती. जवळ जावं तर तीन पायांवर पळाली असती. हातात होती ती भेकराची गोळी. मी सरांच्या शेजारी उभा होतो आणि त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"पुरेशी नाही," ते म्हणाले. "पण आहे ती हीच."

गुडघ्यावर बसले. डोकं सारखं हलत होतं, म्हणून छातीवर नेम धरला. नेमक्या त्या क्षणी ती दुखऱ्या पायावर तोल जाऊन वळली. आवाज झाला. ती गुडघ्यांवर आली, उठली आणि झुडपांत शिरली.

तिला शोधायला तीन तास लागले. सर पुढे, मी मागे. रक्ताचा थेंब दिसला की सर तिथे टिश्यूपेपरचा तुकडा काट्याला अडकवायचे आणि पुढचा थेंब शोधायचे. सिल्कच्या झब्ब्याच्या चिंध्या झाल्या, हात ओरबाडले. मधे दोनदा मी म्हणालो की सर, तुम्ही बसा, मी बघतो. त्यांनी ऐकलंच नाही. कालव्याच्या कडेला काट्यांच्या आत ती पडलेली होती, मान उचलून आमच्याकडे बघत. सरांनी तीन पावलांवरून दुसरी गोळी घातली. काडीने डोळ्याला स्पर्श केला. मग तिथेच चिखलात गुडघे टेकून खांदा चिरला आणि बोटाने चाचपून पहिल्या गोळीचा चुरा बाहेर काढला. हाडाच्या अलीकडेच होता. आतलं सगळं शाबूत. जेवणाच्या टेबलावर त्यांनी सांगितलं होतं तसंच्या तसं.

परतताना ते गोळी झाडली त्या जागेपर्यंत मोजत गेले. ओठ हलताना दिसत होते.

काकू दारातच उभ्या होत्या. संक्रांत संपत आली असणार होती. त्यांनी आमचे हात बघितले, आत जाऊन वाटीतून तिळगूळ आणला. "घ्या," म्हणाल्या. पुढचं म्हणाल्या नाहीत. सरांनी हात न धुताच तो तोंडात टाकला.

आठवड्याने काकूंचा फोन आला. सरांनी दोन्ही रायफली आणि लायसन्स परत केलं होतं. पोलिसांकडचा तोच माणूस आला होता. काही तक्रार आहे का, म्हणून त्याने विचारलं, तर सर म्हणाले, "हो, माझीच." काकू मला विचारत होत्या, "नेमकं झालं काय रे? तुझं नाव काढलं की नुसतं 'त्याचं काही नाही' म्हणतात." मी म्हटलं, जनावर पटकन गेलं नाही, त्याचं मनाला लागलं असेल. असेल.

मला वॉटफर्डला कन्सल्टंटची नोकरी लागली, आणि खरं सांगायचं तर मी सुटलो. कॉव्हेंट्रीला जाणं कमी झालं. गेलो की सर नीट बोलायचे, बायकोची चौकशी करायचे, वऱ्हाडी बोलायचे नाहीत. एकदा ते चहा टाकायला उठले असताना मी कपाटावरची काळी वही उघडली. शेवटच्या पानावर शेवटची ओळ होती: चितळ, मादी, भेकराची गोळी, ६४० पावलं. जागी होती.

मी वही मिटून होती तशी ठेवली. त्या दिवशी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

दीड वर्षात सरांना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. शेवटी हॉस्पिसमध्ये, अखेरच्या दिवसांतल्या पेशंटांची वेदना सांभाळतात तिथे, ठेवलं होतं, बागेकडे तोंड असलेल्या खोलीत. तिथे आणून दोन दिवस झाले होते तेव्हा, सप्टेंबरातल्या दुपारी, मी गेलो. काकू मला बघून म्हणाल्या, "जरा बसतोस का? मी चहा घेऊन येते," आणि गेल्या.

रुंद खांद्यांचं नुसतं हँगर उरलं होतं. कान आणखी मोठे दिसत होते. उशाशी छोट्या पिशवीत औषधाचा पंप ठेवलेला, त्यातून बारीक नळी हाताला. एक तरुण नर्स आली. "ऑल राइट, डॉक्टर सॅम?" "व्हेरी कम्फर्टेबल, थँक यू माय डिअर," सर हसून म्हणाले. ती समाधानाने गेली. मी खुर्चीत बसून पायाशी टांगलेला चार्ट हातात घेतला. सवयच ती.

"काय म्हणतो चार्ट?" सरांनी मराठीत विचारलं.

"डोस बरोबर आहे सर. कम्फर्टेबल असाल."

"असाल?"

मी मान वर केली. ते माझ्याकडे बघत होते. जे तोंडून निघालं ते निघालं.

"सर, त्या दिवशी मी गाडीतून उतरलो नव्हतो."

"माहीत आहे."

"कसं?"

"तुझे बूट कोरडे होते," सर म्हणाले. "गवत एवढं ओलं, आणि बूट चकचकीत."

मला रडू आलं. चाळिशीतला माणूस, कन्सल्टंट, चार्ट मांडीवर घेऊन रडत होतो. "मग बोलला का नाहीत सर? तेव्हाच का नाही शिव्या घातल्या?"

"गोळी मी निवडली," ते म्हणाले. एकेका वाक्याला थांबत होते. "तुझ्या शब्दावर निवडली. आणि तू तसा शब्द का दिलास? 'असेल' म्हणायची तुला भीती होती म्हणून. ती कुणी घातली?" मग डोळे मिटून म्हणाले, "तिचं तोंड बघतो मी. दोघींचं."

खिडकीबाहेर कुणीतरी गवत कापायचं यंत्र चालवत होतं. ते बंद झालं.

"मिलिंद," सर म्हणाले, "आता तरी उतर. बघ."

मी चार्ट खाली ठेवला आणि उठलो. आधी पंप बघितला, मग नळी, आणि मग सरांना. मूठ चादरीत रुतली होती, पेरं पांढरी पडलेली. श्वास अर्ध्यावर अडून पुढे सरकत होता. कपाळावर घाम. पायांवरचं पांघरूण उचललं तर दोन्ही पायांची बोटं आत वळून घट्ट आवळलेली. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचं बघितलं, तो दोन दिवस नर्सला हसून थँक यू म्हणत होता आणि आम्ही सगळे चार्ट वाचत होतो.

"काय दिसून राहिलं बे?"

"दुखतंय सर. खूप दुखतंय. डोस पुरेसा नाही."

"आता कसं," ते म्हणाले.

मी नर्सला बोलावलं, तिने तिथल्या डॉक्टरीणबाईंना. मी त्यांना बोटं दाखवली. त्यांनी पांघरूण उचलून स्वतः बघितली, एक इंजेक्शन दिलं आणि पंपाचा डोस वाढवला. मी पायाशी उभा राहिलो. वीसेक मिनिटांनी मूठ सुटली. मग बोटं, आधी डाव्या पायाची, मग उजव्या. श्वास लांब झाला. सर काहीतरी पुटपुटले ते मला कळलं नाही. त्यानंतर तीन दिवसांनी ते गेले, तेव्हा मी वॉटफर्डला ड्यूटीवर होतो. म्हणजे मी त्यांना शेवटचं पाहिलं ते हेच.

त्या दुपारी काकू चहाचा कप घेऊन दारात आल्या. आत न येता हळूच विचारलं, "झोपले का रे?"

'असतील' हा शब्द अगदी ओठांवर आला होता. मी परत पलंगाशी गेलो, वाकलो, करंगळीच्या टोकाने पापणीचे केस हलकेच चाळवले. पापणी किंचित थरथरली, गाढ झोपलेल्या माणसाची थरथरते तेवढीच, आणि स्थिर झाली. कपाळावरची आठी गेली होती.

"हो काकू," मी म्हटलं. "झोपलेत."